कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी शुगरच्या उंबरठ्यावर: लातूरच्या एका मावशींचं प्रकरण

एकूण कोलेस्टेरॉल १८८. छापील मर्यादा २०० च्या आत. त्या ओळीसमोर ठळक अक्षर नव्हतं, बाण नव्हता. मुलाने रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवला आणि घरी सांगितलं, "आईचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे." त्याच कागदावर आणखी दोन ओळी होत्या: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३६. पुढचं सगळं प्रकरण या दोन ओळींचं आहे.

आधी एक खुलासा. हे कुणा एका व्यक्तीचं प्रकरण नाही. लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यात साठी ओलांडलेल्या माणसांमध्ये जे चित्र आणि ज्या चुका वारंवार दिसतात, त्या एका रुग्णात एकत्र करून हे बांधलं आहे. मावशींचे आकडे म्हणून नमुन्याचे आहेत. त्यामागचं शास्त्र, तपासणीच्या पद्धती आणि मर्यादा मात्र आज वापरात असलेल्याच.

मावशींचं वय ६६. आयुष्य औसा तालुक्यातल्या खेड्यात गेलं. खुरपणी, काढणी, डोक्यावर भारा घेऊन दोन-अडीच किलोमीटर चालणं हे रोजचं. गुडघे दुखायला लागल्यावर तीन वर्षांपूर्वी मुलाकडे लातूरला आल्या, दुसऱ्या मजल्यावर. जिना नको म्हणून खाली उतरणं बंद झालं. माळकरी, त्यामुळे अंडी-मटण नाही. उंची १५० सेंमी, वजन ६१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७.१. कंबर ९२ सेंमी. रक्तदाब १३८/८४. उपाशीपोटी शुगर १०४.

बीएमआय २७ म्हटलं की "थोडं वजन जास्त आहे" एवढंच वाटतं. पण आपल्याकडच्या लोकांसाठी जास्त वजनाची रेघ २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर धरतात. कंबरेची रेघ बायकांना ८० सेंमी, पुरुषांना ९०. कंबर मोजताना टेप बेंबीवरून किंवा साडीच्या निऱ्यांवरून जाऊन चालत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्याच्या आतून, श्वास सोडल्यावर मोजायची. निऱ्यांवरून मोजली तर चार-पाच सेंमी सहज चुकतात.

दोन आकड्यांचं नातं

ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि बायकांमध्ये एचडीएल ५० च्या खाली (पुरुषांत ४० च्या खाली) ही जोडी एकत्र दिसली, तर ती बहुतेक वेळा इन्सुलिनला (रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) शरीर दाद देईनासं झाल्याची खूण असते. मावशींच्या बाबतीत २३६ भागिले ३६ म्हणजे साडेसहा. हा भागाकार ३ च्या वर गेला की शंका घ्यावी. पक्क्या निदानाचा हा आकडा नव्हे, पण हातात असलेल्या रिपोर्टमधून फुकटात मिळणारा इशारा आहे.

होतं असं. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठली की तिथून स्निग्धाम्लं सतत यकृताकडे जात राहतात. चहातल्या साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज. तोही यकृतातच जातो आणि जास्त झाला की चरबीत बदलतो. यकृत ही जादा चरबी व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडतं. रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड म्हणजे मुख्यतः हेच कण. हे कण रक्तात एचडीएलच्या संपर्कात आले की देवाणघेवाण होते: ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये जातं, कोलेस्टेरॉल इकडे येतं. ट्रायग्लिसराइड भरलेलं एचडीएल लवकर मोडतं आणि शरीराबाहेर पडतं. म्हणून एक आकडा वर गेला की दुसरा खाली येतो. दोन वेगळे आजार नाहीत ते.

आता हेच यकृत इन्सुलिनचं ऐकत नसलं, तर रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं आणि सकाळची शुगर चढते. जेवणानंतरची साखर साठवण्याचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि वयानुसार स्नायू आटतो. शेत सुटलं की आणखी वेगाने आटतो. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड काही वर्षं जास्त इन्सुलिन काढून ही तूट भरतं. त्या काळात शुगर नॉर्मल दिसते आणि रक्तातली चरबी मात्र बोलत असते.

एलडीएलकडे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलकडे, सगळ्यांचं लक्ष असतं आणि हृदयासाठी ते असायलाच हवं. पण उद्याच्या मधुमेहाचा अंदाज एलडीएलवरून बांधता येत नाही. मावशींचं एलडीएल हिशेबाने १०५ येतं: १८८ वजा ३६ वजा (२३६ भागिले ५). ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशेब वापरूच नये. तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं किंवा एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल पाहावं. मावशींचं ते १५२.

आयसीएमआर-इंडिअ‍ॅब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले: भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तातल्या चरबीचा काही ना काही बिघाड ८१ टक्के प्रौढांत. शुगरचा बिघाड कळायच्या कितीतरी आधी चरबीचा बिघाड कागदावर आलेला असतो, आणि तो वाचायचा राहून जातो. आम्हाला सगळ्यात जास्त खंत याची वाटते.

शुगर १०४ खरी होती का?

नाही. ती किती होती हे त्या रिपोर्टवरून सांगता येत नव्हतं. रक्त गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी सातला घेतलं, साध्या ट्यूबमध्ये. गाडी फिरत फिरत लॅबला पोहोचली साडेअकराला, दिवस एप्रिलचे. ट्यूबमधल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर घटते, उकाड्यात जास्तच. शुगरसाठी फ्लोराइडची राखाडी बुचाची ट्यूब लागते. तिचाही परिणाम सुरू व्हायला एक-दोन तास जातात, त्यामुळे नमुना लवकर लॅबमध्ये पोहोचणं किंवा बर्फात ठेवणं चांगलं. लॅबमध्येच जाऊन पुन्हा रक्त दिलं, तेव्हा १११ आली. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्याची शुगर.

मग एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी केली: ६.४. मधुमेहाची रेघ ६.५. इथे घाई झाली असती तर चुकीचं पाऊल पडलं असतं, कारण हिमोग्लोबिन ९.६ होतं, रक्तपेशींचा आकार लहान (एमसीव्ही ७२) आणि फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ८. लोह कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस रक्तात फिरतात, त्यांच्यावर साखर जास्त चढते आणि एचबीए१सी खोटं वर दिसतं. मराठवाड्यात बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की हिमोग्लोबिन न पाहता एचबीए१सी वाचूच नये.

६६ व्या वर्षी लोह कमी का, हा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. पाळी थांबून पंधरा वर्षं झालेल्या बाईचं रक्त कुठेतरी जातंय. विचारल्यावर कळलं की गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी दोन वर्षं रोज चालू होती, बरेचदा उपाशीपोटी. दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं दोन्ही पाहिलं. जठराच्या आतल्या अस्तरावर ओरखडे, बाकी काही नाही. गोळी बंद झाली. गुडघ्यासाठी कुणी कागदात बांधून पुडी देत असेल तर तीही दाखवायला सांगावी. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टिरॉइड शुगर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढवतं.

ट्रायग्लिसराइड वाढण्याची इतर कारणंही तपासली: टीएसएच ३.४, क्रिएटिनिन ०.८, लघवीत प्रथिनं नाहीत. थायरॉइड आणि मूत्रपिंड सुटले. एसजीपीटी (यकृताची तपासणी) ४८ आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी. अपेक्षित होतं.

निर्णय शेवटी ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीने झाला. साठीनंतर हीच तपासणी महत्त्वाची, कारण या वयात सकाळची शुगर बऱ्यापैकी राहते आणि जेवणानंतरची आधी बिघडते. नुसत्या उपाशीपोटी शुगरवर भरवसा ठेवला तर असे बरेच जण निसटतात. ती कशी करायची ते नीट सांगतो, कारण करताना गडबड फार होते. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, भाकरी-भात तोडायचा नाही. तोडला तर शुगर खोटी जास्त येते. रात्री जेवून ८ ते १४ तास उपाशी. पहिलं रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज (बाजारातलं मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम) २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत पिऊन संपवायचं. थोडं लिंबू पिळलं तर मळमळ कमी होते. पहिला घोट घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. मधल्या वेळात चहा नाही, तंबाखूची मिसरी नाही, बाजारात चक्कर नाही, बसून राहायचं. उलटी झाली तर तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मावशींची दोन तासांची शुगर १८२. १४० ते १९९ म्हणजे अजून मधुमेह नाही, पण अगदी दारात. चेन्नईच्या संशोधकांनी तयार केलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक लावला तर वयाचे ३०, कंबरेचे २०, बैठ्या राहणीचे ३०, एकूण ८०. साठ किंवा त्यावर म्हणजे जोखीम मोठी. आईवडिलांच्या शुगरचे गुण शून्य धरले, कारण "त्यांना काई नव्हतं." त्यांची शुगर आयुष्यात एकदाही मोजलेली नव्हती, तेव्हा या शून्यावर फार विसंबू नये.

स्वयंपाकघरातला हिशेब

"तळलेलं खाता का? गोड खाता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं आणि ते खोटं नसतं. म्हणून घरातलं सामान मोजायचं. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो तेल. माणशी १२०० ग्रॅम, दिवसाला ४० ग्रॅम. असायला हवं २० च्या आसपास. पूर्वी गावाकडे कर्डीचं तेल घाण्यावरून पुरवून पुरवून यायचं, आता पिशवी फोडली की कढईत. कोणतं तेल यापेक्षा किती तेल हा प्रश्न आधी सोडवावा. घाण्याचं आहे म्हणून चमचा मोकळा सोडू नये. सुनेने महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन किलो तेल वेगळ्या डब्यात काढलं आणि घरासाठी तेवढंच, असं ठरवलं. पहिल्या महिन्यात २३ तारखेला डबा रिकामा झाला. तिसऱ्या महिन्यात महिनाभर पुरला.

चहा दिवसातून पाच वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर. रोज ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो, एकट्या मावशींच्या कपातून. त्यासोबत दोन टोस्ट किंवा खारी. गुळाचा चहा करून हे सुटत नाही. गुळातही बहुतांश साखरच असते. चहा दोनवर आणला, साखर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करत अर्ध्या चमच्यावर. सकाळची चहा-भाकरी मात्र बंद, दोन कारणांनी: साखर, आणि चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर.

आता भाकरी. ज्वारी चांगली, हे खरं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी मोती'सारख्या वाणांनी रब्बीची ज्वारी या भागात टिकवून धरली. पण "ज्वारीने शुगर वाढत नाही" हे खरं नाही. मावशींच्या एका भाकरीचं पीठ वजनकाट्यावर ठेवलं: ९० ग्रॅम. म्हणजे सुमारे ३०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, एका भाकरीत. अशा दोन भाकऱ्या, वर वरण-भात, रात्री पुन्हा तेच. परातीत पिठाचा गोळा ५० ग्रॅमचा घ्यायला सुरुवात केली. जेवणाला अशी एक किंवा दीड भाकरी. भात एका वेळेला, एक छोटी वाटी. ताटात आधी भाजी आणि उसळ संपवायची, भाकरी नंतर.

एवढंच केलं असतं तर वजन उतरलं असतं आणि त्यासोबत स्नायूही. या वयात ते परवडत नाही. प्रथिनं किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे दिवसाला साठच्या आसपास हवीत. मावशींच्या जेवणात जेमतेम पस्तीस होती, कारण वरण म्हणजे पिवळं पाणी. ते घट्ट केलं. मटकी, हरभरा, चवळीची उसळ रोज एक वाटी, २५० मिली दूध, एक वाटी दही. लातूर सोयाबीनचं आगर, पण घरात सोयाबीन फक्त तेलाच्या पिशवीतून येतं. दाणा भिजवून, उकडून, वाळवून, मग दळून पिठात दहावा हिस्सा मिसळला. कच्चं सोयाबीन दळू नये. त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत आणि पोट फुगतं.

उपवास ही सगळ्यात अवघड जागा. महिन्याला दोन एकादशा, गुरुवार, श्रावण, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि वर तुपात परतलेला. मावशींना उपवास सोडायला सांगणं चुकीचं ठरलं असतं आणि त्यांनी ऐकलंही नसतं. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही, ताक, काकडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. भगर आठवड्यातून एकदा, एक वाटी.

पाय आणि गुडघे

हात छातीवर आडवे धरून खुर्चीवरून उठायचं-बसायचं. ३० सेकंदांत मावशींना ७ वेळा जमलं. या वयाच्या बाईला ११ तरी जमायला हवं. हाच व्यायाम ठरला: रोज दोन वेळा, आठ-आठ उठबशा, खुर्चीखाली उशी ठेवून उंची वाढवून, म्हणजे गुडघा कमी वाकतो. आणि प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटं घरातच, गॅलरीपासून देवघरापर्यंत येरझारा. कामाला लागलेला स्नायू इन्सुलिनच्या परवानगीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरची वेळ. चौथ्या महिन्यापासून जिना उतरून मैदान. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाच ते सात, नाहीतर दिवेलागणीनंतर.

औषधाचा निर्णय

अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (२००२) आहार-व्यायामाने मधुमेहाची शक्यता ५८ टक्क्यांनी घटली, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्यांमध्ये आहार-व्यायामाचा फायदा ७१ टक्क्यांवर गेला आणि मेटफॉर्मिनचा जवळजवळ उरला नाही. भारतीय चाचणीत (२००६) आहार-व्यायामाचा फायदा कमी, २८.५ टक्के, मेटफॉर्मिनचा २६.४ टक्के, दोन्ही एकत्र करून जास्त काही मिळालं नाही. मावशींचं वय आणि शाकाहार पाहता (शाकाहारात बी१२ मुळातच कमी मिळतं, मेटफॉर्मिनने ते आणखी उतरतं) ते सुरू केलं नाही. ट्रायग्लिसराइड उतरवणारं फायब्रेट हे औषधही नाही. ५०० च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तिथे त्याची जागा.

स्टॅटिनवर, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीवर, मात्र घरात वाद झाला. "त्या गोळीने शुगर होते म्हणे." हे अर्धं खरं. १३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात (२०१०) स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता ९ टक्क्यांनी वाढली. २५५ जणांना चार वर्षं गोळी दिली तर एक जादा मधुमेह. वय जास्त असलेल्यांत हा परिणाम थोडा अधिक. पण त्याच २५५ जणांत हृदयविकाराचे झटके टळतात ते याहून जास्त. तीन महिन्यांच्या पथ्यानंतर नॉन-एचडीएल १३९ होतं, तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिग्रॅ सुरू केलं. शुगरच्या भीतीने ती टाळणं आम्हाला पटत नाही. शुगरवर नजर ठेवून ती घ्यावी.

वर्षभरात काय झालं

तिसऱ्या महिन्यात वजन ५९.२, ट्रायग्लिसराइड १८२, एचडीएल ३७. पाचव्या महिन्यात ट्रायग्लिसराइड एकदम २६२. सगळे खचले. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी विचारलं, "मावशी, सकाळी काय खाल्लं होतं?"

"काईच नाई माय, निस्ता चहा घेतला."

आणि आदल्या रात्री भाचीचं लग्न, बुंदी आणि पुऱ्या. दहा दिवसांनी बारा तास खरंच उपाशी राहून पुन्हा तपासलं: १६९. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात एरवीही २० टक्क्यांच्या आसपास हलतं, म्हणून एका आकड्यावर औषध बदलू नये. "उपाशीपोटी" म्हणजे साधं पाणी सोडून काहीही नाही, आणि उपवासाचं खाणं हेही खाणंच, हे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावं लागतं.

लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्यासोबत. चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२.१ झालं आणि एचबीए१सी ६.४ वरून ६.० वर आलं. यातला काही भाग पथ्याचा, काही लोह भरून निघाल्याचा. वेगळा काढता येत नाही.

वर्षाअखेर: वजन ५७.६, कंबर ८७, एकूण कोलेस्टेरॉल १४२, ट्रायग्लिसराइड १३८, एचडीएल ४१, एलडीएल ७३. उपाशीपोटी शुगर ९७, दोन तासांची १४८. खुर्चीच्या उठबशा १२. दोन तासांची शुगर अजून १४० च्या वरच आहे, म्हणून ही तपासणी दर वर्षी, आणि मधल्या सहा महिन्यांनी उपाशीपोटी शुगर व लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी). एचडीएल फार हललं नाही. ते औषधाने मुद्दाम वाढवण्याच्या मागे लागू नये.

मुलाचं वय ४१, दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर. आईसोबत त्यानेही रक्त दिलं. एकूण कोलेस्टेरॉल १९४, समोर बाण नाही. ट्रायग्लिसराइड २९८, एचडीएल ३३. या वेळी त्याने रिपोर्ट घडी घालून ठेवला नाही. पुढच्या सोमवारी ग्लुकोजची तपासणी ठरली आहे.